खेळ, जुगार आणि ‘गेम’

महाराष्ट्र विधिमंडळाचे २०२५ सालचे पावसाळी अधिवेशन आटोपता आटोपता एक चित्रफीत सर्वत्र फिरली. विधान परिषदेच्या सभागृहात बसलेल्या तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव उघडलेला तीत दिसत होता. आपण रमी खेळत नव्हतो, पडद्यावर आपोआप आलेला तो डाव बंद करीत होतो, असा खुलासा मंत्रिमहोदयांनी केला. त्या खुलाशाच्या खरेखोटेपणात शिरण्याचे येथे कारण नाही. ३१ जुलै रोजी त्यांच्याकडचे कृषी खाते काढून घेण्यात आले, आणि त्याऐवजी जे खाते देण्यात आले ते होते क्रीडा व युवक कल्याण. या खांदेपालटावर महाराष्ट्रभर विनोद झाले. विनोद करणे सोपेच होते. कारण रमी हाही ‘गेम’, आणि खासबागेतली कुस्ती हाही ‘गेम’. एका शब्दाच्या दोन टोकांवर एकच माणूस बसवला गेला होता, इतकेच.

परंतु हसून झाल्यावर विचार करण्याजोगे पुष्कळ उरते. ‘गेम’ हा इंग्रजी शब्द आज मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. शाळेत शेवटच्या तासाला ‘गेम्स’ असतो. मुंबईच्या टोळीयुद्धांच्या काळात ‘अमक्याचा गेम केला’ याचा अर्थ त्याला गोळ्या घालून ठार केले असा होता. आज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मते फोडली तरी ‘गेम केला’ म्हणतात. पोराच्या हातातल्या मोबाईलवर ‘गेम’ असते आणि ऊसबिलाची रक्कम खात्यावर जमा झालेल्या तरुणाच्या मोबाईलवरही ‘गेम’च असते. पहिलीत वेळ जातो, दुसरीत ऊसबिल जाते. शब्द एकच असल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना दोहोंतला फरक कळतो तो सावकार दारात आल्यावर.

या शब्दाचे कूळ पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीत ‘गामेन’ म्हणजे आनंद, करमणूक. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतल्या ‘गामन’ या शब्दाचा अर्थ सोबत, भागीदारी, माणसांचे एकत्र येणे असा होता, आणि इंग्रजी शब्दाचे मूळ तेथेच असावे असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या शब्दाच्या मुळाशी सहवास आहे, त्याच शब्दातून पुढे जुगाराला असलेला इंग्रजी शब्द निघाला, आणि सुमारे १३०० सालापासून ज्यांची शिकार करायची त्या प्राण्यांनाही ‘गेम’ म्हणू लागले. सोबत, करमणूक, शिकार, जुगार असा हा प्रवास आहे. भाषेचा इतिहास हा समाजाच्या इतिहासाची सावली असते, असे मानणाऱ्यांना या क्रमात पुष्कळ सापडेल.

मराठीतही शब्दांची सरमिसळ काही कमी नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत जे नाटक केले, त्या प्रकारच्या प्रयोगांना लोक ‘खेळ’च म्हणत. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेव्हाही चित्रपटाचे ‘खेळ’च लागत आणि पुढेही कैक वर्षे ‘पहिला खेळ’, ‘दुसरा खेळ’ अशीच भाषा होती. गारुड्याचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, देवीचा खेळ, नशिबाचा खेळ. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर ‘खेळते भांडवल’ हा मराठी शब्द इंग्रजी प्रतिशब्दापेक्षा अधिक अर्थवाही वाटावा. कारण भांडवल कामाला लागलेले नुसते पुरत नाही, ते हातातून हातात खेळावे लागते. हवा खेळती हवी, पाणी खेळवावे, तसा पैसाही खेळावा. संस्कृतातील ‘दिव्’ या धातूला तर वैयाकरणांनी क्रीडा, जिंकण्याची इच्छा आणि व्यवहार असे तिन्ही अर्थ एकत्र दिले आहेत, आणि द्यूत हा शब्द त्याच धातूचा. तेव्हा खेळ आणि बाजार यांची जवळीक इंग्रजांनी शिकवली असे म्हणणे खरे नव्हे.

मात्र मराठीने एक भेद कसोशीने सांभाळला. क्रियापद सैल ठेवले, नाम घट्ट ठेवले. ‘पत्ते खेळतो’, ‘मटका खेळतो’ असे मराठी माणूस म्हणतो. पण त्या कृतीचे नाव विचारा, तो ‘खेळ’ म्हणणार नाही, ‘जुगार’ म्हणेल. आकडा तर खेळतही नाहीत, आकडा ‘लावतात’. शिकारीला शिकार म्हणतात, कुस्तीला कुस्ती, डावाला डाव. ‘गेम’ या उसन्या शब्दाने हे सगळे कप्पे एका फटक्यात मोडून टाकले. ज्यांना कप्पे मोडून हवे होते, त्यांच्या पथ्यावर ते पडले.

यातला शिकारीचा कप्पा कोल्हापुरास चांगला परिचित आहे. राधानगरी तालुक्यातील दाजीपूरचे जंगल संस्थानच्या काळात छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली गव्यांसाठी ते अभयारण्य झाले; महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने अभयारण्य होय. इंग्रजी अंमलात अशा रानाला ‘गेम रिझर्व्ह’ म्हणत. या नावातला ‘गेम’ म्हणजे गवा, सांबर, वाघ. म्हणजे ज्याच्या मरणात दुसऱ्याचा खेळ आहे तो प्राणी. राजा, रेसिडेंट किंवा पाहुणा आलेला गोरा अधिकारी बंदूक चालवी, तेव्हा ती ‘गेम’ असे. त्याच रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाने पोटासाठी ससा धरला, तर त्याला चोरटी शिकार म्हणत. प्राणी तोच, मरण तेच. नाव मात्र मारणाऱ्याच्या दर्जावरून ठरे.

फासेपारध्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. फासा लावून हरणे व पाखरे धरण्याचे त्यांचे कसब पिढीजात. कोल्हापूर संस्थानात चित्ता सोडून काळविटाची शिकार करण्याचा प्रघात होता; देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवण्यापर्यंत ही हौस गेली. चित्ते पाळणे, शिकवणे, रानात नेणे हे काम करणारे लोक राजाच्या पदरी असत. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केले, कामे दिली. ज्या जातींवर गुन्हेगारीचा शिक्का होता त्यांच्यावरील हजेरीची जाचक पद्धत १९१८ साली आपल्या राज्यात बंद केली. हा त्यांचा मोठेपणा. त्यांना स्वतःला शिकारीचा नाद होता, हेही तितकेच खरे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण संस्थानाबाहेर, ब्रिटिश मुलखात, तेच कसब असलेली जमात गुन्हेगार जमाती कायद्यान्वये जन्मतः गुन्हेगार ठरली होती. साहेबाच्या बंदुकीला परवाना आणि पारध्याच्या फाशाला पोलीस.

स्वातंत्र्यानंतर हा भेद नाहीसा झाला असे समजणे भोळेपणाचे होईल. १९५२ साली त्या जमाती कागदोपत्री विमुक्त झाल्या. त्याच वर्षी देशातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. कायदा आवश्यकच होता. परंतु त्या कायद्याच्या मूळ मसुद्यात ‘स्मॉल गेम’, ‘बिग गेम’ आणि ‘स्पेशल गेम’ अशा नावांनी शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे ‘गेम’ हा साहेबी शब्द प्रजासत्ताकाच्या कायद्यात एकोणीस वर्षे शिकारी अर्थाने नांदत होता. परवान्याची फी भरू शकणारा हौशी शिकारी त्या एकोणीस वर्षांत कायद्याच्या आत होता. फासा लावणारा पारधी बाहेर होता. २०२२ साली कुनोच्या जंगलात आफ्रिकेतून चित्ते आले, त्याचा मोठा सोहळा झाला. चित्त्याच्या पुनर्वसनासाठी जितकी धावपळ झाली, तितकी चित्ते शिकवणाऱ्यांच्या वंशजांसाठी झाल्याचे ऐकिवात नाही.

याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन उभा राहिला. शिक्षकाच्या घरातला हा मुलगा तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत होता. ज्या तालुक्यात बंदूक हे राजेलोकांच्या करमणुकीचे साधन होते, तेथल्या साध्या घरातल्या मुलाच्या हातात ती खऱ्या खेळाचे साधन झाली. त्याआधी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले होते ते १९५२ साली हेलसिंकीत, खाशाबा जाधव यांना. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. खेळासाठी घर गहाण पडल्याची ही कथा कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. ‘गेम’पायी घर गहाण पडल्याच्या कथा आज गावोगाव आहेत, त्या मात्र कोणी सांगत नाही.

खेळ या शब्दाचे खरे वैभव पाहायचे तर कोल्हापुरात खासबागेसमोर उभे राहावे. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधले प्राचीन क्रीडागार पाहून शाहू महाराजांच्या मनात तसे मैदान बांधण्याची कल्पना आली असे सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान झाले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. मल्लाचा खेळ आणि नटाचा खेळ भिंतीला भिंत लावून उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते नाट्यगृह आगीत सापडले, तेव्हा रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत नाटकवाल्यांबरोबर तालमीतली माणसेही होती. शहराचा हा स्वभाव आहे. येथल्या पेठांतील तालमींनी कुस्ती सांभाळली आणि फुटबॉलचे संघही उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे तालमींची आणि फुटबॉलच्या संघांचीही. सामन्यानंतर पेठापेठांत जी हाणामारी होते तिचे समर्थन करता येणार नाही. पण तेथे हरणाऱ्याचे घरदार जात नाही.

खेळाच्या मैदानातली भाषाही लोकशाहीची मोठी शाळा आहे. ‘गडी’ हा शब्द घ्या. संघातला खेळाडू तो गडी. सवंगडी म्हणजे सोबती. आणि शेतात राबणारा तोही गडीच, सालगडी, घरगडी. ज्याच्या अंगमेहनतीवर वाडा चालतो त्याला आणि ज्याच्या जिवावर डाव जिंकायचा त्याला मराठीने एकच नाव दिले. गॉथिक ‘गामन’मधली सोबत या शब्दात शाबूत आहे. दुर्दैवाने गडी हा शब्द पुरुषापुरताच राहिला. मुलींना खेळायची मुभा होती ती व्रताच्या निमित्ताने. नागपंचमी, हादगा, मंगळागौर. देवाचे नाव घेतल्याखेरीज बाईने उडी मारायची नाही, असा तो दंडक होता, आणि तो अजून पुरता मोडलेला नाही.

तसाच दुसरा शब्द ‘राज्य’. मराठी मुलांच्या लपंडावात किंवा शिवाशिवीत ज्याच्यावर पकडण्याची पाळी येते, त्याच्यावर ‘राज्य आले’ असे म्हणतात. राज्य ही तेथे शिक्षा आहे. ज्याच्यावर राज्य त्याने डोळे मिटून आकडे मोजायचे, सगळ्यांच्या मागे धावायचे, दमायचे. बाकीच्यांनी मजेत लपायचे. आणि राज्य देऊन टाकण्यासाठी प्रत्येकाची धडपड. सत्ता हे ओझे आहे, ते आळीपाळीने वाहायचे असते, ही गोष्ट मराठी पोराला सहाव्या वर्षी कळते. पुढे कधीतरी तो ती विसरतो.

आता कायद्याच्या भाषेकडे वळले पाहिजे, कारण खरी मेख तेथे आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजवर महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध वापरला गेला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘गेमिंग’ म्हणजे जुगारच. आज जो शब्द कंपन्या सभ्य म्हणून मिरवतात, तो कायद्यात मूळचा गुन्ह्याचा शब्द आहे. या कायद्याने एक सवलत ठेवली : केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. ‘केवळ’ या शब्दाचा अर्थ न्यायालयांत हळूहळू सैल झाला. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. तो खटला शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धेचा होता, आणि ती स्पर्धा ज्या बंगळूरच्या साप्ताहिकातून चाले त्याचे नावच ‘स्पोर्टिंग स्टार’ होते; खेळाच्या नावाआड पैसा लावण्याची युक्ती काही मोबाईलबरोबर जन्मली नाही. १९६७ साली त्याच न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग प्रधान आहे असे म्हटले. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात गणल्या गेल्या. ‘केवळ कौशल्य’ होते, त्याचे ‘मुख्यतः कौशल्य’ झाले, आणि या फटीतून पुढे मोबाईलवरच्या रमीचा आणि क्रिकेटवर पैसे लावण्याच्या धंद्याचा सगळा लोंढा आत आला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने कौशल्य की नशीब हा वादच दुय्यम आहे. समजा, शंभर माणसांनी प्रत्येकी शंभर रुपये लावले आणि चालवणाऱ्याने शेकडा दहा कापून घेतले. दहा हजारांचे नऊ हजार उरले. तेच पैसे पुन्हा लावले की आठ हजार शंभर. अशा दहा फेऱ्या झाल्या म्हणजे शंभर जणांच्या हातात मिळून साडेतीन हजारांच्या आत रक्कम उरते. त्यांतले काही फार हुशार असतील; त्यांच्या हुशारीने इतकेच ठरते की उरलेल्या रकमेतला मोठा वाटा कोणाच्या खिशात जायचा. एकूण बेरीज वाढत नाही, ती फेरीगणिक घटते. कुस्तीत हरलेला मल्ल अंगात काही कमवून घरी येतो. येथे हरणारा रिकामा येतो आणि जिंकणाऱ्यांतलेही बहुतेक पुढच्या फेरीत रिकामे होतात. ज्याला घरखर्चातून पैसा काढावा लागतो त्याला हा फटका सर्वांत मोठा. गरिबावर बसवलेल्या कराचे हे लक्षण आहे. फरक इतकाच की हा कर तो हसत भरतो.

खेळाच्या शास्त्राला अर्थशास्त्रात मानाचे स्थान आहे, तेव्हा त्याचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली या विषयावरचा ग्रंथ लिहिला, नॅश वगैरेंना १९९४ साली त्यासाठी नोबेल मिळाले, आणि ‘गेम थिअरी’ ही विद्यापीठांत प्रतिष्ठित झाली. तेथे ‘गेम’ म्हणजे एकाचा निर्णय दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असलेली कोणतीही परिस्थिती; तीत आनंदाचा लवलेश असण्याची अट नाही. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर कोणताही साखर कारखाना पहिली उचल आधी जाहीर करू इच्छित नाही. शेजारचा काय देतो ते पाहून ठरवतो. कारखाने थांबू शकतात, उभा ऊस थांबू शकत नाही; तो वाळतो, वजन घटते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे सांगितले आहे, तरी थकीत बिलांसाठी आंदोलने करावी लागली. जो अधिक काळ थांबू शकतो तो जिंकतो, हे त्या शास्त्राचे सूत्र; आणि थांबण्याची ताकद ही मालमत्तेतून येते, हे सूत्र समाजवादी कार्यकर्त्याला निराळे शिकवावे लागत नाही. ‘कारखान्याने गेम केला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो पंडितांपेक्षा चुकीचा अर्थ वापरीत नसतो. त्याच हंगामात मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोडणी कामगारांची मुले फडाच्या कडेला कोप्यांत राहतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, वाढे गोळा करतात. मुलाच्या खेळण्याच्या हक्काला संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत स्वतंत्र कलम आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली मान्य केली आहे.

जुगाराच्या बाबतीत सरकारची भूमिका नेहमीच दुटप्पी राहिली. साठच्या दशकात मुंबईत मटका फोफावला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर पैसे लावण्याच्या प्रकारातून तो जन्मला, आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः गिरणगावातला कामगार होता. पोलीस मटक्याच्या अड्ड्यांवर धाडी घालीत असतानाच १९६९ साली महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. कामगाराच्या आकड्याला धाड, सरकारच्या आकड्याला जाहिरात. घोड्यांच्या शर्यतींना तर १९१२ पासून स्वतंत्र परवाना कायदा आहे. खासबाग मैदानाचेच ते वर्ष. १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोसाठी कायदा करून ठेवला, तो कधीच अंमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. शेजारच्या गोव्याने १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेले आणि बोटी यांना वाट करून दिली. कोल्हापूरहून पणजी काही तासांवर आहे.

मोबाईलवरच्या जुगाराबाबतही तेच झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर बसवण्यात आला. म्हणजे सरकार या धंद्यात भागीदार झाले. त्याच काळात भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर अशाच एका कंपनीचे नाव झळकत होते, आणि मोठमोठे खेळाडू व नट ‘गेम’ खेळण्याचे आवाहन करीत होते. दोन वर्षांच्या आत वारे फिरले. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही. सुमारे ४५ कोटी लोकांना या व्यसनाची झळ पोहोचून २०,००० कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज सरकारनेच दिला. इतक्या मोठ्या अनर्थावर संसदेने काही तास गंभीर चर्चा करू नये, याची खंत कायदा योग्य मानणाऱ्यांनाही वाटली पाहिजे.

आणि कायद्याचा गाभा योग्य आहे. पैसे लावून पैसे मिळवण्याची आशा दाखवली की तो ‘मनी गेम’, मग त्यात कौशल्य असो वा नशीब, तो चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा, खेळणाऱ्यास नाही. दीडशे वर्षे चाललेला कौशल्य-नशिबाचा कीस एका वाक्यात बाजूला सारला, आणि फसलेल्याला गुन्हेगार न मानता फसवणाऱ्याला मानले, या दोन गोष्टींचे स्वागत पक्षभेद विसरून करावे. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आहे. पण कायद्याचे नाव पाहावे : ‘गेमिंग’ला प्रोत्साहन! जुगार बंद करण्याचा कायदाही जुगाऱ्यांच्या भाषेत लिहावा लागला. शर्यतीचा घोडा आणि गोव्याची बोट या कायद्याबाहेर राहिली; म्हणजे जेथे पोशाख करून जावे लागते तो जुगार चालू, आणि जो बांधावर बसून खेळता येतो तो बंद. शिवाय परदेशांतून चालणारी अनधिकृत संकेतस्थळे कायद्याने आपोआप थांबत नाहीत. मटक्याचा अनुभव असा की अड्डा बंद झाला तरी बुकी राहतो.

बंदी हे अर्धेच काम आहे, असे जे म्हणतात ते बंदीच्या विरोधात असतातच असे नाही. जो तरुण संध्याकाळी सात वाजता मोबाईल घेऊन पारावर बसतो, त्याला त्या वेळी जाण्यासाठी दुसरे काय आहे? गावातले मैदान सभामंडपाखाली गेले, नाहीतर प्लॉट पडून विकले गेले. तालीम आहे, पण तिला वस्ताद नाही. वस्ताद आहे तर त्याला मानधन नाही. मुलींसाठी तर बहुतेक गावांत तालमीचे दारही नाही. मैदानाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, क्रीडा अनुदान कोणाच्या संस्थेला गेले, याची विचारणा ग्रामसभेत कोणी करीत नाही, कारण तो विषय ‘खेळाचा’ म्हणजे फुटकळ मानला जातो. ऊसदराच्या सभेला हजारो जमतात. मैदानाच्या ठरावाला हात वर करायला दहा माणसे मिळत नाहीत. पक्षाच्या शाखाही याला अपवाद नाहीत, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

कोल्हापूरच्या चौकाचौकांत आणि तालमींच्या दारांत काळे फळे असतात. कोणाचे निधन, कोणाचा सत्कार, कोणत्या संघाचा सामना, सर्व त्यावर खडूने लिहिले जाते, आणि येणारा-जाणारा थांबून वाचतो. कार्यकर्त्यांना आरंभ करायचा असेल तर तेथून करता येईल. ज्या ज्या नावाने हा धंदा मोबाईलवर येतो, ते नाव फळ्यावर लिहावे, आणि त्यापुढे मराठीत ‘जुगार’ असे लिहावे. त्याखाली ग्रामसभेची तारीख, वेळ, आणि मैदानाचा गट क्रमांक.